शहाण्णव तासांचं घड्याळ

खरं सांगायचं तर मीही हसलो होतो.

परवा फोनची मेमरी भरली म्हणून जुने फॉरवर्ड उडवत बसलो होतो, तर जून २०२३ मधलं एक मीम सापडलं. समुद्राच्या तळाशी निघालेली पाणबुडी आणि ती चालवायला व्हिडिओ गेमचा रिमोट. मीच ते आमच्या शाळेच्या ग्रुपवर टाकलं होतं, २० जूनच्या रात्री. खाली हसून लोळणाऱ्या पिवळ्या चेहऱ्यांची रांग. आम्ही ज्यांच्यावर हसत होतो ते पाचही जण दोन दिवसांपूर्वीच गेले होते. आम्हाला हे माहीत नव्हतं. पण माहीत असतं तर हसलो नसतो, असंही छातीठोकपणे म्हणवत नाही. कारण २२ तारखेला ते कळल्यावरही विनोद काही थांबले नव्हते.

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. टायटॅनिकचे अवशेष अटलांटिक महासागरात, कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटापासून काहीशे किलोमीटर दूर, सुमारे ३,८०० मीटर खोलवर आहेत. ओशनगेट नावाची अमेरिकन कंपनी ते दाखवायला न्यायची. माणशी अडीच लाख डॉलर, म्हणजे तेव्हाचे साधारण दोन कोटी रुपये. १८ जून २०२३ ला सकाळी 'टायटन' ही त्यांची छोटी पाणबुडी खाली निघाली. आत पाच माणसं. कंपनीचा प्रमुख स्टॉकटन रश, ब्रिटिश उद्योजक हॅमिश हार्डिंग, टायटॅनिकवर अनेकदा जाऊन आलेले ७७ वर्षांचे फ्रेंच जाणकार पॉल-आंरी नार्जोले, कराचीच्या बड्या उद्योगपती घराण्यातले शहजादा दाऊद आणि त्यांचा १९ वर्षांचा मुलगा सुलेमान. पावणेदोन तासांनी संपर्क तुटला.

आत शहाण्णव तास पुरेल एवढा ऑक्सिजन आहे असं सांगण्यात आलं, आणि तिथून गंमत सुरू झाली. गंमत हा शब्द मुद्दाम वापरतोय. एका अमेरिकन वाहिनीने तर पडद्यावर उलटं घड्याळच लावलं. आपल्याकडच्या वाहिन्या मागे कशाला राहतील? किती तास उरले, आत अंधार असेल का, थंडी किती असेल. २० तारखेला कॅनडाच्या विमानाने समुद्रात टाकलेल्या ध्वनियंत्रांना ठोकल्यासारखे आवाज ऐकू आल्याची बातमी आली. आता मात्र सगळं जग कान लावून बसलं. मी ऑफिसात बसल्या बसल्या दर तासाला बघत होतो, हे कबूल करतो.

२२ तारखेला टायटॅनिकच्या पुढच्या टोकापासून साधारण पाचशे मीटरवर टायटनचे तुकडे सापडले. त्या खोलीवर पाण्याचा दाब हवेच्या दाबाच्या पावणेचारशे पट असतो. कवच चिरडायला डोळ्याची पापणी लवायलाही जेवढा लागतो तेवढा वेळ लागत नाही. मग हेही बाहेर आलं की अमेरिकन नौदलाच्या यंत्रांनी १८ तारखेलाच, संपर्क तुटला त्याच सुमाराला, तसा आवाज टिपला होता. शोध घेणाऱ्यांना ते कळवलंही होतं. पण खात्री नव्हती म्हणून शोध चालू ठेवला, आणि ते बरोबरच होतं. म्हणजे आपण चार दिवस जे घड्याळ बघत होतो ते सुरू होण्याआधीच बंद पडलं होतं.

आता हसण्याबद्दल. लोक एवढे का हसले? श्रीमंतांचा मत्सर, असं एक सोपं उत्तर तेव्हा दिलं गेलं. मला ते पुरेसं वाटत नाही. रश यांच्या जुन्या मुलाखती त्याच दिवसांत सगळीकडे फिरत होत्या. सुरक्षेचा अतिरेक म्हणजे एका मर्यादेनंतर निव्वळ उधळपट्टी, नियम मोडल्याबद्दल लोकांनी मला लक्षात ठेवलं तर आवडेल, अशा अर्थाचं ते बोलून गेले होते. त्यात तो रिमोट. शिवाय टायटॅनिक! बुडणार नाही अशी ख्याती झालेलं जहाज बघायला जाताना बुडणं. कुठल्याही गावच्या पारावर ही गोष्ट हसतच सांगितली गेली असती. आपल्याकडे 'अति तेथे माती' म्हणताना कुणी शोकसभेचा चेहरा करत नाही.

(तो रिमोट, जाता जाता, निर्दोष होता. तसे रिमोट इतर यंत्रणांतही वापरतात. जीव घेतला तो कार्बन फायबरच्या कवचाने. पण कवचावर मीम होत नाही.)

मात्र त्या हसण्याला सुलेमान अडचणीचा होता. एकोणीस वर्षांच्या पोराला 'माज' कसा लावणार? मग त्याच्यासाठी वेगळी गोष्ट आली. त्याच्या आत्याने एका वाहिनीला सांगितलं की पोरगा घाबरला होता, केवळ बापाच्या इच्छेखातर गेला. झालं, बाप खलनायक आणि मुलगा बिचारा. काही दिवसांत त्याच्या आईने बीबीसीला वेगळंच सांगितलं. ती जागा खरं तर तिची होती, मुलाला जायचंच होतं म्हणून तिने सोडली. तळाशी सोडवायला तो रुबिकचा क्यूब घेऊन गेला होता. ही दुसरी बातमी माझ्या ग्रुपवर कुणी टाकली नाही. मीही नाही.

आणि मग दुसरी बोट आठवली गेली.

टायटनच्या चार दिवस आधी, १४ जूनच्या पहाटे, ग्रीसच्या पायलॉस गावाजवळच्या समुद्रात 'ॲड्रियाना' नावाची मासेमारीची बोट उलटली. लिबियातून इटलीकडे निघालेली. अंदाजे साडेसातशे माणसं कोंबलेली, बायकामुलं खालच्या भागात. १०४ वाचले, ८२ मृतदेह मिळाले, बाकीचे सगळे समुद्राच्या पोटात. त्यात शेकडो पाकिस्तानी तरुण होते. पाकिस्तानी पंजाबातले आणि पाकव्याप्त काश्मीरमधले. दलालांना लाखो रुपये देऊन निघालेले. पाकिस्तानने १९ जूनला राष्ट्रीय दुखवटा पाळला. आणि नेमकी त्याच सुमाराला त्याच देशातल्या दाऊद बापलेकाची बातमी आली. एकाच आठवड्यात दोन बोटी. दोन्हींची तिकिटं आपापल्या ऐपतीच्या पलीकडची किंवा अलीकडची, दोन्ही कुठल्याही नियमात न बसणाऱ्या. जगाने एकीकडे बघितलं.

हे अथेन्समध्ये ओबामाही बोलले, आणि दोन-तीन दिवसांत ते वाक्य आपल्याकडेही सगळ्यांच्या भिंतींवर आलं: मेलेल्यांतही श्रीमंत-गरीब असतं. मीही ते शेअर केलं. आधी मीम, मग नीतिबोध, दोन्ही एकाच अंगठ्याने.

पण इतिहास चाळला की हे वाक्य अर्धंच खरं निघतं. २००६ मध्ये कुरुक्षेत्राजवळ साठ फूट खोल बोअरवेलमध्ये पडलेला पाच वर्षांचा मुलगा आठवतो? गरीबाघरचा पोर, आणि अख्खा देश जवळजवळ पन्नास तास टीव्हीसमोर. २०१० मध्ये चिलीच्या खाणीत अडकलेले ३३ कामगार ६९ दिवसांनी बाहेर आले तेव्हा सगळं जग रडलं. टायटननंतर पाचच महिन्यांनी उत्तरकाशीच्या सिल्क्यारा बोगद्यातल्या ४१ मजुरांसाठी आपण सतरा दिवस श्वास रोखून होतो. यात श्रीमंत कोण होतं? पाण्याखालचंच उदाहरण हवं असेल तर १९७३ साली आयर्लंडजवळ 'पायसेस-३' ही छोटी पाणबुडी ४८० मीटरवर अडकली होती. समुद्राखाली टेलिफोनची केबल टाकण्याच्या कामावरचे दोघे ब्रिटिश तंत्रज्ञ तीन दिवसांहून अधिक काळ आत होते. बाहेर काढलं तेव्हा मिनिटांचा ऑक्सिजन उरला होता.

म्हणजे लोकांना पैसा लागतोच असं नाही. मोजता येतील एवढी माणसं लागतात, त्यांची नावं, एखादा फोटो, आणि एक घड्याळ.

इथे मला सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट येते. ॲड्रियानालाही घड्याळ होतं. १३ जूनला दुपारच्या आसपासच युरोपीय सीमा यंत्रणेच्या विमानाने ती बोट पाहिली होती. वरून काढलेल्या फोटोत डेकवर मुंग्यांसारखी माणसं दिसतात. ती उलटली पहाटे दोनच्या सुमाराला. मधले साधारण चौदा तास सरकारी यंत्रणांना ती कुठे आहे हे ठाऊक होतं. शेवटी ग्रीक तटरक्षक दलाची नौका तिच्याजवळच होती. त्या नौकेने दोर बांधून ओढल्यामुळे बोट उलटली असं वाचलेले लोक सांगतात. दल म्हणतं, तसं झालं नाही, बोटीनेच मदत नाकारली. खरंखोटं कोर्ट ठरवेल. पण ते चौदा तास कुणाच्या पडद्यावर आले नाहीत. मेलेल्यांसाठी शहाण्णव तासांचं घड्याळ चाललं, आणि जिवंत असलेल्या साडेसातशेंसाठी कुणी लावलंच नाही.

माझी आजी अलिबागकडची. 'रामदास' बोटीचं नाव निघालं की ती बोलायची थांबायची. १७ जुलै १९४७, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट, सहाशेहून जास्त माणसं गेली. पुढच्याच महिन्यात स्वातंत्र्य आलं आणि बाकीच्या महाराष्ट्राच्या आठवणीतून ती बोट पुसट झाली. त्या पट्ट्यातल्या गावांत मात्र घराघरांत एखादं तरी नाव होतं. तिथे रामदासवर विनोद झालेला मी कधी ऐकला नाही. पायलॉसचा फोटो बघताना मला आजीचा तो गप्प चेहरा आठवला, पण तेव्हा नाही, आता, दोन-अडीच वर्षांनी.

आता टायटॅनिककडेच परत येऊ, कारण तिथला एक फरक महत्त्वाचा आहे. १९१२ ची जनता काही आपल्यापेक्षा सोज्ज्वळ नव्हती. १५ एप्रिलला न्यूयॉर्कच्या काही पेपरांनी सगळे वाचल्याची बातमी छापली होती. मग कोट्यधीश ॲस्टरचे मथळे आले, आणि कंपनीचा प्रमुख ब्रूस इस्मे जिवंत परतला म्हणून त्याच्यावर चिखलफेक झाली. तिसऱ्या वर्गातले जेमतेम पाव प्रवासी वाचले, पहिल्या वर्गातले साठ टक्क्यांहून जास्त. त्या तिसऱ्या वर्गाची नावं मथळ्यात नव्हतीच.

पण जहाज बुडाल्यानंतर चार दिवसांत, १९ एप्रिलला, अमेरिकन सिनेटची चौकशी सुरू झाली होती. त्याच न्यूयॉर्कात, वॉल्डॉर्फ-ॲस्टोरिया हॉटेलात. पहिला साक्षीदार इस्मे. ब्रिटनमध्ये लॉर्ड मर्सी यांची चौकशी बसली. लोकांचा राग पेपरांमधून दोन वर्षं धगधगत राहिला आणि जानेवारी १९१४ मध्ये लंडनला आंतरराष्ट्रीय करार झाला. प्रत्येक प्रवाशाला लाइफबोटीत जागा, जहाजावर सतत वायरलेसची पाळी, हिमनगांवर गस्त. आज आपल्याकडची माणसं मर्चंट नेव्हीत जातात ती ज्या 'सोलास' नियमांखाली काम करतात, त्यांची सुरुवात तिथे आहे.

टायटनचं काय झालं? ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकन तटरक्षक दलाचा तीनशेहून अधिक पानांचा अहवाल आला. निष्कर्ष: हा अपघात टाळता आला असता. त्यात काय काय आहे बघा. जुलै २०२२ च्या एका फेरीत वर येताना मोठा धडाका ऐकू आला होता. कवचाचे थर सुटायला लागल्याचं सेन्सर दाखवत होते, कुणी मनावर घेतलं नाही. ती पाणबुडी हिवाळाभर कॅनडात उघड्यावर ठेवलेली होती. आणि सगळ्यात वाईट म्हणजे २०१८ मध्येच कंपनीतल्या डेव्हिड लॉकरिज या अधिकाऱ्याने धोका लेखी दिला होता. त्याला काढून टाकलं. त्याने अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्याकडे तक्रार केली, ती रेंगाळली. कंपनीने उलट त्याच्यावर दावा ठोकला, शेवटी त्याने तक्रार सोडून दिली. त्याच वर्षी या क्षेत्रातल्या तीन डझनांहून अधिक जाणत्यांनी रश यांना पत्र लिहून बजावलं होतं. टायटनचं कुठल्याही मान्यताप्राप्त संस्थेकडून प्रमाणीकरण नव्हतं. पर्यटकांना कागदावर 'मोहीम तज्ज्ञ' म्हणायचं, म्हणजे ते प्रवासी ठरत नाहीत.

हे वाचून मला पहिल्यांदा राग आला. म्हणजे बघा, १९१२ च्या माणसाला चार दिवसांत आलेला राग मला यायला दोन वर्षं लागली. मधल्या काळात माझा सगळा ऐवज त्या रिमोटवर खर्च झाला होता. जो माणूस हसून मोकळा होतो त्याला 'हे चालू कसं दिलं?' असं विचारावंसं वाटत नाही. रश मूर्ख होता, संपलं. तक्रार दाबून ठेवणारं खातं, पळवाट ठेवणारा कायदा, यांच्यावर एक तरी मीम तुमच्याकडे आलं होतं का?

अहवालाची बातमी मी त्याच शाळेच्या ग्रुपवर टाकली होती. दोघांनी अंगठा दिला. एकाने विचारलं, "ही कुठली रे टायटन? घड्याळवाली?"

आणि ॲड्रियाना. बोट चालवल्याचा ठपका ठेवून पकडलेल्या नऊ इजिप्शियन माणसांवरचा खटला मे २०२४ मध्ये ग्रीक कोर्टाने, घटना आपल्या हद्दीबाहेरची म्हणून, निकालात काढला. त्यांनी तोवर जवळजवळ वर्ष तुरुंगात काढलं होतं. मे २०२५ मध्ये ग्रीक तटरक्षक दलाच्या सतरा जणांवर आरोप ठेवले गेले. तपासाचं पुढचं काही मराठीत कुणाला वाचायला मिळालं तर कमेंटमध्ये लिंक टाका.