समुद्रतळाचा सातबारा

गावातील गायरान कोणते आणि खातेदाराची जमीन कोणती, हे भूमापनाने ठरते. पाण्याखालच्या जमिनीबाबत हाच प्रश्न उभा राहिला, तर प्रशासनाने काय करावे? अमेरिकेतील चेसापीक उपसागरात या प्रश्नाचा निकाल लागण्यास शतकाहून अधिक काळ गेला. वॉशिंग्टन-बाल्टिमोर परिसरात स्थायिक झालेल्या मराठी वाचकांना हा उपसागर परिचित असेल. त्याचा महसुली इतिहास मात्र फारसा नसेल.

या इतिहासाच्या केंद्रस्थानी आहे कालव, म्हणजेच ऑयस्टर. ते पाणी गाळून त्यातील सूक्ष्म शैवाल खाते. अनुकूल स्थितीत पूर्ण वाढ झालेले एक कालव दिवसाला १९० लिटरपर्यंत पाणी गाळू शकते. त्याच्या पिल्लाला चिकटण्यासाठी कठीण पृष्ठभाग लागतो आणि तो बहुधा दुसऱ्या कालवाच्या शिंपल्याचाच असतो. म्हणून कालवे खरवडून नेणारा पुढच्या पिढीची जमीनही नेत असतो.

उपसागराच्या उत्तरेकडील मेरीलँड राज्यात १८८४-८५ च्या हंगामात सुमारे दीड कोटी बुशेल कालवे निघाली. चोरटी उपसणी रोखण्यासाठी राज्याने १८६८ मध्येच सशस्त्र जलपोलीस दल उभारले होते. तरीही ऱ्हास थांबला नाही. बाल्टिमोरचे प्राणिशास्त्रज्ञ विल्यम कीथ ब्रुक्स यांनी १८९१ च्या आपल्या ग्रंथात पर्याय मांडला: केवळ वेचणे थांबवा, शेती सुरू करा, त्यासाठी तळाची जमीन पट्ट्याने द्या.

दक्षिणेकडील व्हर्जिनियाने १८९० च्या दशकात बेलर या अधिकाऱ्याकडून नैसर्गिक थरांची मोजणी करवून घेतली. सुमारे अडीच लाख एकर तळ सर्वांसाठी राखून ठेवला आणि उर्वरित तळ पट्ट्यासाठी खुला केला. मेरीलँडने १९०६ मध्ये पट्ट्यांचा कायदा केला, १९१२ पर्यंत मोजणीही पूर्ण केली. परंतु १९१४ च्या कायद्याने पट्ट्याची जमीन पुन्हा नैसर्गिक थर ठरवण्याची वाट मोकळी झाली आणि शेती खुंटली. कोळ्यांना मोठ्या कंपन्यांची धास्ती होती. ती निराधार म्हणता येणार नाही. पण तिच्यावर उपाय योजण्याऐवजी राज्याने शेतीच अडवली.

व्हर्जिनियात विसाव्या शतकाच्या मध्यास खाजगी पट्ट्यांचे उत्पादन सार्वजनिक थरांपेक्षा अधिक होते. पुढे १९५९ पासून एमएसएक्स या परजीवी रोगाने तेही कोसळले. पट्टा रोगापासून वाचवत नाही, हा धडा येथे नोंदवला पाहिजे. मेरीलँडचे उत्पादन २००३-०४ मध्ये अवघ्या २६ हजार बुशेलांच्या आसपास आले. तेव्हा कोठे २००९ मध्ये पट्ट्यांचे कायदे सुधारले गेले आणि २०१० मध्ये उरलेल्या थरांपैकी सुमारे चतुर्थांश क्षेत्र अभयक्षेत्र झाले. आज तेथील शेतकरी उबवणी केंद्रातून, बहुतेकदा जलद वाढणारे, बियाणे घेतात. कापणी केलेल्या कालवांच्या मांसातून नत्र व स्फुरद पाण्याबाहेर जाते; २०१६ पासून प्रदूषण-नियंत्रणाच्या हिशेबात ही वजावट अधिकृतपणे धरता येते. एकाच पिकात उत्पन्न आणि स्वच्छता!

आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने १९७० च्या दशकात तुतिकोरिन येथे कालवसंवर्धनाचे तंत्र विकसित केले. केरळच्या खाडीजलात महिला गटांनी ते स्वीकारले. तंत्र आहे, प्रश्न तळाच्या हक्काचा आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २९७ नुसार प्रादेशिक सागराखालील भूमी केंद्राकडे निहित आहे, तर मत्स्यव्यवसाय राज्यसूचीत येतो. किनारी जलसंवर्धनाच्या २००५ च्या कायद्यात २०२३ च्या दुरुस्तीने शिंपलावर्गीय जीवांचे संवर्धनही आले, हे स्वागतार्ह पाऊल आहे. परंतु नोंदणी म्हणजे जागेचा निश्चित हक्क नव्हे. ज्या बाईने चार बांबू रोवून कालवे वाढवली, तिचे पीक उद्या कोणी नेले तर तिने कोणता उतारा दाखवावा?

त्याच वेळी कोकणात ओहोटीला खडकावरची कालवे फोडून आणणाऱ्या स्त्रियांचा वहिवाटीचा हक्कही पट्ट्याच्या नकाशात बुडता कामा नये. व्हर्जिनियाने आधी सामाईक क्षेत्र मोजले आणि मग पट्टे दिले. अनुकरणीय आहे तो हा क्रम. आधी गायरानाची हद्द, मग खातेदाराची. जमिनीवर हे आपल्या मुलखी प्रशासनाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. खाडीत उतरून तेच करावयाचे आहे.