एका गावाचा निर्णय पुरेसा नव्हता

पश्चिम आफ्रिकेतील सेनेगल देशात मालिकुंडा बंबारा नावाचे एक खेडे आहे. ३१ जुलै १९९७ रोजी तेथील स्त्रियांनी पत्रकारांसमोर जाहीर केले, की यापुढे आपल्या मुलींची सुंता करायची नाही. मुलींची सुंता म्हणजे त्यांच्या बाह्य जननेंद्रियाचा काही भाग कापून टाकणे. त्यामुळे रक्तस्राव होतो, जंतुसंसर्ग होतो, पुढे बाळंतपण अवघड होऊ शकते. शरीराला फायदा मात्र कोणताच नाही. मग पिढ्यान्‌पिढ्या आया आपल्याच मुलींच्या बाबतीत हे का करीत आल्या?

‘अज्ञानामुळे’ हे उत्तर आम्हा विज्ञानाच्या अभ्यासकांच्या तोंडी चटकन येते. पण ते अर्धेच खरे आहे. ही प्रथा पाळणाऱ्या समाजांत सुंता न झालेली मुलगी अशुद्ध मानली जाई. तिचे लग्न जमणे कठीण होई. एखाद्या आईला धोका कळला, तरी एकटीने प्रथा मोडली तर त्याची किंमत तिच्या मुलीलाच मोजावी लागणार होती.

मॉली मेल्चिंग या अमेरिकन बाईंनी १९९१ मध्ये सेनेगलमध्ये ‘तोस्तान’ ही संस्था सुरू केली. तिचे प्रौढ शिक्षणाचे वर्ग स्थानिक भाषांत चालत. लिहिणे-वाचणे, आरोग्य, मानवी हक्क असे विषय असत. सुंतेचा विषय निघाला तो स्त्रियांच्या आरोग्याच्या पाठांत. कोणालाही दोष न देता शरीरावर काय परिणाम होतात ते सांगायचे आणि पुढची चर्चा स्त्रियांवर सोडायची, अशी पद्धत होती. मालिकुंडाचा निर्णय या चर्चेतून निघाला.

आसपासच्या गावांत मात्र त्यावर संताप उसळला. तेव्हा केर सिंबारा गावचे इमाम देंबा दियावारा यांनी नेमका मुद्दा मांडला: सोयरिकी अनेक गावांत होतात, तेव्हा एका गावाने ठरवून भागणार नाही. ते स्वतः नात्यातल्या गावांना पायी गेले आणि लोकांशी बोलले. फेब्रुवारी १९९८ मध्ये दियाबुगू येथे १३ गावांनी एकत्र येऊन प्रथा सोडल्याचे जाहीर केले. बंदीचा कायदा त्यानंतर, जानेवारी १९९९ मध्ये झाला.

गंमत अशी, की गेरी मॅकी या अमेरिकन अभ्यासकाने १९९६ मध्येच हेच तर्कशास्त्र मांडले होते. त्याच्यापुढे उदाहरण होते चीनमधील मुलींचे पाय बांधण्याचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे पालकांच्या संघटना निघाल्या. सभासद दोन शपथा घेत: मुलीचे पाय बांधणार नाही, आणि पाय बांधलेली सून करणार नाही. पहिल्या शपथेला बळ आले ते दुसरीमुळे. पाय न बांधलेल्या मुलींना स्थळे मिळू लागली. उत्तर चीनमधील तिंगशियन भागातल्या एका पाहणीत १८९० पूर्वी जन्मलेल्या ९९ टक्के स्त्रियांचे पाय बांधलेले आढळले. १९१९ नंतर जन्मलेल्यांत एकीचेही नाहीत. सुमारे हजार वर्षांची प्रथा एका पिढीत संपली.

सेनेगलमध्ये इतका झपाटा दिसला नाही. १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत सुंता झालेल्यांचे प्रमाण २००५ मध्ये २८ टक्के होते, २०१९ मध्ये २५. हे आकडे वाचताना एक लक्षात ठेवावे: प्रौढ स्त्रियांची सुंता बालपणीच झालेली असते, म्हणून आजचा बदल या आकड्यात उशिरा उमटतो. पण घोषणा केलेल्या गावांतही काही घरांत प्रथा चालूच राहिली, हेही खरे आहे.

हा प्रश्न केवळ आफ्रिकेचा नाही. मुंबईतील दाऊदी बोहरा समाजातील काही स्त्रियाही मुलींच्या ‘खतन्या’विरुद्ध उघडपणे बोलू लागल्या आहेत.

शिक्षकांना यातून एक प्रश्न वर्गात विचारता येईल. हुंडा वाईट, हे आपल्या विद्यार्थ्यांना पाठ आहे. तरी तो का टिकतो? ‘देणार नाही’ ही मुलीच्या बापाची एकट्याची शपथ त्याच्या मुलीला महाग पडते. ‘घेणार नाही’ असे मुलांच्या आईबापांनी एकत्र येऊन, चारचौघांत सांगितले, तर हिशेबच बदलतो. माहिती हवीच, पण ती सर्वांना आहे हे सर्वांना कळले, म्हणजे तिला बळ येते.