बंदीविना वगळलेले पुस्तक : महाराष्ट्रातील तीन प्रकरणे

१९९४ साली बँक कर्मचाऱ्यांच्या, खाजगी वितरणासाठी असलेल्या एका बुलेटिनमध्ये वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची 'गांधी मला भेटला' ही कविता छापली गेली. तिच्याविरुद्धचे प्रकरण लातूरच्या न्यायालयात उभे राहिले. तेथे वैमनस्य पसरविण्याचा आरोप टिकला नाही. अश्लीलतेचे कलम २९२ मात्र कायम राहिले. १४ मे २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, दिलगिरी प्रसिद्ध झालेली असल्याने प्रकाशनाशी संबंधितांस मुक्त केले आणि कवीस खटल्यास सामोरे जाण्यास सांगितले. साहित्याच्या दृष्टीने हा निकाल समाधानकारक नाही. तथापि आरोप कोणता हे लेखी होते व त्यास उत्तर देण्याची संधी होती.

जेम्स लेन यांच्या शिवचरित्रविषयक ग्रंथावर राज्य शासनाने २००४ मध्ये घातलेली बंदीही अशीच तपासली गेली. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या तत्कालीन कलम ९५ नुसार शासनास कारणे नमूद करावी लागत. कोणत्या समाजघटकांत वैमनस्य निर्माण होते, हेच अधिसूचनेत स्पष्ट नव्हते. उच्च न्यायालयाने २००७ मध्ये बंदी रद्द केली व ९ जुलै २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला.

त्यानंतर अवघ्या तीन महिन्यांत मुंबई विद्यापीठात निराळेच घडले. रोहिंटन मिस्त्री यांची १९९१ ची 'सच अ लाँग जर्नी' ही कादंबरी बी.ए. द्वितीय वर्षाच्या इंग्रजीच्या अभ्यासक्रमात होती. (तिचा नायकही बँक कर्मचारीच, हा योगायोग.) शिवसेना व मराठी माणसांविषयीच्या मजकुरास विद्यार्थी संघटनेने आक्षेप घेतला, विद्यापीठाच्या दारात प्रती जाळल्या आणि कुलगुरूंनी १९९४ च्या विद्यापीठ कायद्यातील तातडीचे अधिकार वापरून ती वगळली. अधिसूचना नाही, खटला नाही.

आक्षेपकांचा रोख वाचनावर असता तर ग्रंथालये व दुकानेही लक्ष्य झाली असती. पण परीक्षेस नेमलेले पुस्तक म्हणजे विद्यापीठाने मान्य केलेले मत, असा समज समाजात खोलवर रुजला आहे. पात्राच्या तोंडचे वाक्य मग लेखकाचे न राहता संस्थेचे ठरते. दबाव तेथेच येतो, कारण तेथेच तो सर्वांत स्वस्त पडतो. बंदी घालणाऱ्या शासनास न्यायालयात जाब द्यावा लागतो; पुस्तक बदलणाऱ्या विद्यापीठाचे काम केवळ परिपत्रकावर भागते.

मुदखेडसारख्या तालुक्याच्या ठिकाणी वर्गात काय शिकवावे हे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची अभ्यास मंडळे ठरवितात. हे विद्यापीठही १९९४ चेच. त्या वर्षीच्या कायद्याची जागा पुढे २०१६ च्या कायद्याने घेतली. कुलगुरूंचे तातडीचे अधिकार मात्र नव्या कायद्यातही आहेत. मिस्त्रींची कादंबरी २०१० नंतरही मुंबईत विकत मिळत होती. केवळ प्राध्यापकाला ती शिकविता येत नव्हती.