हवापालट आणि वास्तव्य : दार्जिलिंगची तीन साहित्यांतील रूपे

'हिल स्टेशन' या संज्ञेसाठी मराठीत 'थंड हवेचे ठिकाण' हा शब्दप्रयोग रूढ झाला. या शब्दप्रयोगात डोंगर नाही, वस्ती नाही आणि माणसेही नाहीत. हवा तेवढी आहे. ती हवा थंड आहे हे ठरविणारा मनुष्य उकाड्याच्या प्रदेशातून आलेला असतो. जो तेथेच जन्मला आणि वाढला त्याच्या दृष्टीने ती केवळ हवा असते. बंगालीतील 'हावा बदल' आणि मराठीतील 'हवापालट' हे शब्दही अशाच, परतीचा दिवस ठरवून आलेल्या पाहुण्याचे शब्द आहेत. गिरिस्थानांविषयीचे आपले वाचन बहुतांशी या पाहुण्याच्या लेखनावर पोसलेले आहे. दार्जिलिंगच्या संदर्भात इंग्रजी, बंगाली व नेपाळी या तीन साहित्यांचा एकत्र विचार केल्यास 'भेट देणे' आणि 'राहणे' यांतील भेद केवळ अनुभवाचा नसून इतिहासाचाही आहे, हे दाखविण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

दार्जिलिंगचा वसाहतकालीन इतिहास थंड हवेपासूनच सुरू होतो, आणि तो एका दस्तऐवजात नोंदलेला आहे. १ फेब्रुवारी १८३५ रोजी सिक्कीमच्या राजाने ही टेकडी ईस्ट इंडिया कंपनीस दिली. तेथील हवा थंड असल्याने आजारी पडलेल्या सरकारी नोकरांना तिचा लाभ व्हावा, हे कारण दानपत्रातच नमूद आहे. या दानपत्रात मोबदल्याचा उल्लेख नव्हता. १८४१ पासून राजाला वार्षिक ३,००० रुपये मिळू लागले व १८४६ मध्ये ती रक्कम ६,००० रुपये झाली. महाराष्ट्रातील वाचकास येथे महाबळेश्वर आठवल्यावाचून राहणार नाही. १८२९ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी सातारच्या प्रतापसिंह महाराजांकडून ते ठिकाण वाईकडील खंडाळा गावाच्या बदल्यात घेतले. सह्याद्रीत आणि हिमालयात, अवघ्या काही वर्षांच्या अंतराने, आरोग्य हेच भूमी-हस्तांतराचे कारण ठरले.

परंतु केवळ रुग्णांनी शहर उभे राहत नाही. रस्ते खोदणारे, ओझी वाहणारे, घरे बांधणारे हात लागतात. १८३९ मध्ये या परिसरात शंभराच्या आसपास माणसे होती. आर्चिबाल्ड कॅम्बेल यांच्या अधीक्षकपदाच्या पहिल्या दशकाअखेर, १८४९ पर्यंत, ती संख्या सुमारे १०,००० झाली. यांतील बहुसंख्य लोक नेपाळ, सिक्कीम व भूतानमधून आले होते. पुढे चहाची लागवड वाढली. १८७४ मध्ये जिल्ह्यात ११३ मळे होते, आणि त्यांवरील मजूर प्रामुख्याने नेपाळच्या डोंगराळ भागातील होते. १८८१ मध्ये दोन फूट रुंदीची रेल्वे दार्जिलिंगपर्यंत पोहोचली. या रेल्वेने पाहुण्यांचा प्रवास सुकर केला, त्याचबरोबर चहा खाली उतरविला आणि तांदूळ वर नेला. याचा अर्थ असा की, हे गाव आरंभापासूनच विश्रांतीचे आणि श्रमाचे असे दोन्ही प्रकारचे गाव होते. साहित्यात मात्र या दोन गावांची गाठ फार उशिरा पडली.

इंग्रजी लेखनात जोसेफ हूकर यांचे १८५४ मधील 'हिमालयन जर्नल्स' अग्रभागी ठेवावे लागते. हा वनस्पतिशास्त्रज्ञ १८४८ मध्ये दार्जिलिंगला आला आणि ब्रायन हॉजसन यांच्याकडे राहिला. लेपचा माणसांविषयी त्याने आत्मीयतेने लिहिले आहे. तथापि त्याच्या भ्रमंतीचा एक राजकीय परिणामही ध्यानात घ्यावयास हवा. १८४९ मध्ये सिक्कीममध्ये हूकर व कॅम्बेल यांना अटकेत ठेवण्यात आले. त्यानंतर कंपनीने राजाचे वर्षासन बंद केले आणि १८५० मध्ये सिक्कीमचा तराईचा भाग खालसा केला. पाहुण्याची वाट येथे राज्यविस्ताराची वाट झाली. जवळजवळ अर्ध्या शतकानंतर, १८९६ मध्ये, मार्क ट्वेन आला. त्याच्या प्रवासवर्णनात रुळांवरून हातगाडीने डोंगर उतरण्याचा निर्भेळ आनंद आहे, तसेच रस्त्यावरून जाणाऱ्या पहाडी लोकांचे जथे पाहत बसल्याचेही वर्णन आहे. ट्वेनच्या कुतूहलात तुच्छता नाही; पण त्या जथ्यातील कोणी थांबून बोलत नाही. ते लोक देखाव्याचा भाग आहेत.

बंगाली पाहुण्याची स्थिती अधिक गुंतागुंतीची होती. तो एकाच वेळी वसाहतीचा प्रजाजन होता आणि गिरिस्थानाचा उपभोक्ताही. युरोपीय रुग्णांसाठी ईडन सॅनिटोरियम आणि भारतीयांसाठी लुईस ज्युबिली सॅनिटोरियम, या विभागणीतच त्याचे स्थान स्पष्ट होते. रवींद्रनाथांनी 'जीवनस्मृती'त दार्जिलिंगचा जो प्रसंग नोंदविला आहे तो या दृष्टीने विलक्षण आहे. कलकत्त्याच्या सदर स्ट्रीटवर त्यांना जगाचे जे आनंदरूप दर्शन घडले होते, ते हिमालयात अधिक गहन होईल या अपेक्षेने ते १८८२ मध्ये येथे आले. आणि तेथे ते हरपल्याचे त्यांना जाणवले. उंच स्थळी उदात्त अनुभव येतो, या युरोपीय स्वच्छंदतावादी गृहीतकास येथे छेद गेला आहे. सत्यजित राय यांच्या १९६२ मधील 'कांचनजंघा' या चित्रपटात एक श्रीमंत बंगाली कुटुंब सुटीच्या अखेरच्या दिवशी शिखरदर्शनाची वाट पाहत आहे. कुटुंबप्रमुख रायबहादुरांनी देऊ केलेली नोकरी एक बेकार तरुण येथे, या हवेत, नाकारू शकतो. म्हणजे हे स्थान पाहुण्याला नैतिक मोकळीक देते. पहाडी समाज मात्र चित्रपटभर अधूनमधून दिसणाऱ्या एका मुलाच्या रूपाने वावरतो. शेवटी त्याचे गाणे ऐकू येते, पण कथेत त्याला वाटा नाही. रायांनी ही अनुपस्थिती लपविलेली नाही, हे त्यांच्या कलेचे सामर्थ्य होय.

ज्यांना या दोन साहित्यांत आवाज नाही, त्यांचे मुद्रित वाङ्मय त्याच गावात घडत होते. १९०१ मध्ये गंगाप्रसाद प्रधान यांनी दार्जिलिंगहून 'गोर्खे खबर कागत' सुरू केले. १९१८ मध्ये खरसाङहून पारसमणि प्रधान यांची 'चंद्रिका' निघाली. १९२४ मध्ये दार्जिलिंगला नेपाळी साहित्य संमेलन ही संस्था स्थापन झाली. सूर्यविक्रम ज्ञवाली, धरणीधर कोइराला व पारसमणि प्रधान हे 'सु-ध-पा' या आद्याक्षरांनी ओळखले जाणारे त्रिकूट या कार्याच्या केंद्रस्थानी होते. राणा राजवटीत नेपाळमध्ये १९१३ पासून ग्रंथप्रकाशनावर सरकारी समितीचे नियंत्रण होते, हे लक्षात घेतल्यास या घटनेचे महत्त्व कळते. परक्या सत्तेने आजाऱ्यांसाठी वसविलेले ठिकाण नेपाळी भाषेला तुलनेने मोकळा श्वास देणारे ठरले. हवापालटाचा हा अर्थ दानपत्र लिहिणाऱ्यांच्या मनात असणे शक्य नव्हते.

या परंपरेतील इंद्रबहादुर राई यांची 'आज रमिता छ' ही कादंबरी १९६४ ची, म्हणजे रायांच्या चित्रपटानंतर दोनच वर्षांनी आलेली. 'रमिता' म्हणजे गर्दीने जमून पाहावा असा तमाशा. दार्जिलिंगमधील एका नेपाळी मध्यमवर्गीयाचे कुटुंब, व्यापार, नगरातील राजकारण आणि चहामळ्यातील कामगारांचा लढा यांतून ती उभी राहते. येथे बाजारातली गर्दी देखावा नसून नागरिकांची आहे. शहराचे सौंदर्य आहे, पण त्याला कर्ज, मजुरी आणि मतभेद चिकटलेले आहेत. पाहुण्यांनी ज्यांना तमाशाचे पात्र केले, त्यांच्यातीलच एकाने 'तमाशा' हा शब्द उचलून आपल्या जगण्याला लावला.

यावरून पाहुणा खोटा आणि रहिवासी खरा, असा सोपा निष्कर्ष मात्र काढता येत नाही. नेपाळीभाषकही येथे स्थलांतर करून आलेले आहेत; त्यांच्या आधीपासून राहणाऱ्या लेपचांचा आवाज तीनही साहित्यांत क्षीणच राहिला. शिवाय येथे राहिल्याने परकेपणाचा शिक्का पुसला जातो असेही नाही. चार-पाच पिढ्या येथे घालविलेल्या समाजाच्या भाषेला भारतीय राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळण्यास १९९२ साल उजाडावे लागले. ७१ व्या घटनादुरुस्तीने नेपाळीबरोबर कोंकणी व मणिपुरी यांनाही ते स्थान दिले. मोठ्या शेजारी भाषेच्या सावलीत आपले स्वतंत्र अस्तित्व सिद्ध करण्याचा कोंकणीचा संघर्ष मराठी अभ्यासकास जवळून परिचित आहे. त्या परिचयाच्या आधारे नेपाळीची वाटचाल समजून घेणे त्याला कठीण नाही.

तौलनिक साहित्याभ्यासाच्या दृष्टीने येथे प्रश्न पद्धतीचा आहे. एका स्थळाविषयीच्या संहिता प्रतिमांच्या साम्यभेदानुसार लावल्या तर हूकर, रवींद्रनाथ आणि राई हे हिमालयाचे तीन कवडसे वाटतात. लेखक तेथे कोणत्या हक्काने आला, किती काळ राहिला आणि कोणाच्या श्रमावर राहिला, हे प्रश्न विचारले की त्याच संहिता एका भूमीच्या ताब्याचा, श्रमाचा आणि भाषिक हक्काचा सलग इतिहास सांगू लागतात. महाबळेश्वर-माथेरानविषयीच्या मराठी लेखनालाही हेच प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. 'थंड हवेचे ठिकाण' हा आपला शब्द त्या चौकशीचा आरंभबिंदू ठरू शकेल.