ठशाखालचा ठसा

नाणी जमवणे ही पैसेवाल्यांची हौस, असा आपल्याकडे समज आहे, आणि तो सर्वस्वी खोटाही नाही. मी तालुक्याच्या गावी एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. गेली नऊ-दहा वर्षे मी हाताने ठोकलेली जुनी नाणी जमवतो, ती ओळखतो, त्यांची टिपणे ठेवतो. चळवळीतले मित्र विचारतात, "सर, माणसांचे प्रश्न उघड्यावर पडले असताना हे तांब्याचे तुकडे कशाला?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर द्यावे म्हणून हा लेख.

सुरुवात माझ्या आजीपासून झाली. तिच्या चंचीत पान-सुपारीबरोबर एक शिवराई असायची, तिच्या आजीकडून आलेली. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. पण अक्षरे अर्धीच, कारण ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान. ती हातात देताना आजी आपल्या लहानपणची गोष्ट सांगायची. मीठ आणायला गेले की पैसा दुकानाच्या पायरीवर ठेवायचा आणि मागे सरायचे. दुकानदार त्यावर पाणी शिंपडायचा, मग उचलायचा, आणि मीठ वरून पदरात टाकायचा. आजी म्हणायची, "पैसा धुतला की शुद्ध व्हायचा बाबा, आपण कितीबी धुतलो तरी नाही." अस्पृश्यतेचे इतके नेमके अर्थशास्त्र मला पुढे कुठल्याच क्रमिक पुस्तकात वाचायला मिळाले नाही.

बलुतेदारीच्या गावगाड्यात महाराच्या कामाचा मोबदला पैशात मोजला जात नव्हता. सुगीला खळ्यावर पेंढ्या आणि घरोघरची भाकर. तीही हक्काची असून भीक मागितल्यासारखी. रोख मजुरी हातात आली ती पलटणीत, रेल्वेच्या कामावर, गिरणीत. म्हणून नाणे ही आपल्या लोकांसाठी नुसती देवघेवीची वस्तू नव्हती. गावाच्या मुठीतून सुटण्याची ती एक वाट होती. ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे नाण्याकडे पाहण्याची नजर बदलते.

हाताने ठोकलेले नाणे म्हणजे काय, हे नवख्या वाचकासाठी सांगतो. धातूची ठरल्या वजनाची चकती करायची, ऐरणीत बसवलेल्या ठशावर ती ठेवायची, वरून दुसरा ठसा धरायचा आणि घणाचा घाव घालायचा. म्हणून अशी दोन नाणी तंतोतंत सारखी नसतात. ठसा सरकतो, अक्षरे काठाबाहेर जातात, घावाने कडा तडकते. ओळखताना आधी वजन करावे, व्यास मोजावा, भिंगातून कडा पाहावी. साच्यात ओतलेल्या नकली नाण्याच्या कडेला बहुधा सांध्याची रेघ आणि अंगावर बारीक छिद्रे सापडतात. चिंच किंवा तेजाब लावून नाणे कधीही चकचकीत करू नये. मळाबरोबर पुरावाही निघून जातो.

ब्राह्मी अक्षरे मी एक मे महिना घालवून शिकलो. वाटले होते तितकी ती अवघड नाहीत. आपली मुले महिनाभरात शिकतात, हा माझा अनुभव आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. 1906 साली नाशिकजवळच्या जोगलटेंभी गावी चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी. सगळी क्षहरात क्षत्रप नहपान याची. एका बाजूला राजाचे मुख आणि ग्रीक अक्षरे, दुसऱ्या बाजूला बाण व वज्र, भोवती ब्राह्मी आणि खरोष्ठी लिपी. पण यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर दुसरा एक ठसा ठोकलेला होता. नहपानाचा पराभव केल्यावर गौतमीपुत्र सातकर्णीने त्याची नाणी वितळवत न बसता तशीच पुन्हा ऐरणीवर घेतली. एका बाजूला तीन कमानींचा डोंगर आणि आईच्या नावासह स्वतःचे नाव, दुसऱ्या बाजूला उज्जयिनी चिन्ह.

त्या प्रकारचे एक झिजलेले नाणे माझ्याकडे आहे. विद्यार्थ्यांना ते दाखवतो तेव्हा आधी डोंगरच दिसतो. मग उजेडात तिरपे धरायला सांगतो. हळूहळू डोंगराच्या खालून नाक दिसते, हनुवटी दिसते, दोन-तीन ग्रीक अक्षरे दिसतात. इतक्या घणांनीही खालचा ठसा पुरता पुसला गेलेला नाही.

आपल्या इतिहासाचेही असेच आहे, असे मी म्हणतो ते अलंकार म्हणून नव्हे. त्याच नाशिकच्या डोंगरात लेणी आहेत. शिलालेखांत त्या डोंगराचे नाव तिरण्हु, म्हणजे त्रिरश्मी. ती भिक्खूंच्या वस्तीसाठी कोरली, असे दगडावर स्वच्छ लिहिले आहे. आणि लोक त्यांना म्हणतात पांडवलेणी! ती पांडवांनी कोरल्याचा तिथे एका अक्षराने उल्लेख नाही. हाही वरून ठोकलेला ठसाच. फरक इतकाच की हा ठोकायला घण लागला नाही, आपले अज्ञान पुरले.

दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने तीन हजार कार्षापण संघासाठी कायम ठेव म्हणून दिले. कोणाकडे ठेवले? गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे. एकीकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे एक हजार, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या ठेवीचे वर्षाचे व्याज 240 कार्षापण, त्यातून वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी 12. हिशेब पै न् पै जुळतो. ज्यांच्या हाताला माग, त्यांच्याच हाती राजाच्या जावयाची ठेव. आजच्या भाषेत विणकर हीच तिथली बँक. पुढे याच भूमीत विदर्भातले महार जाडेभरडे कापड विणत, पण त्यांच्या हातचा पैसा मात्र पाणी शिंपडून घेतला जाई. या दोन टोकांच्या मध्ये काय घडले, हा प्रश्न आपल्या संशोधकांनी आपला मानला पाहिजे.

मात्र इथे एक पथ्य पाळावे लागते. तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्राची आई बलश्री हिचा लेख आहे. भिक्खूंना लेणे दान देणारी ही राजमाता आपल्या मुलाचा गौरव काय म्हणून करते? त्याने क्षहरातांचा वंश निःशेष केला आणि चार वर्णांचा संकर थांबवला, म्हणून! बुद्धाच्या संघाला दिलेल्या दानाच्या भिंतीवरच चातुर्वर्ण्याची भलावण कोरलेली आहे. हे वाचून माझा एक विद्यार्थी उसळून म्हणाला, "मग सर, नहपान आपला आणि सातकर्णी मनूचा!" मी त्याला उषवदाताचाच लेख पुढे वाचायला लावला. संघाला ठेव देणारा तोच उषवदात ब्राह्मणांना तीन लाख गाई दिल्याचेही अभिमानाने सांगतो. राजे दोन्हीकडे दान करीत होते आणि दोन्हीकडून आशीर्वाद घेत होते. नाण्यावर तीन कमानींचा डोंगर दिसला की तो स्तूपच, असे ठोकून देण्याचा मोह आपल्यातल्या पुष्कळांना होतो. त्या चिन्हाच्या अर्थाविषयी अभ्यासकांत वाद आहेत. ते मांडावेत, लपवू नयेत. प्रस्थापितांनी खोटा ठसा ठोकला म्हणून आपण दुसरा खोटा ठसा ठोकायचा नाही. खोटे नाणे कुठल्याही टाकसाळीतले असो, तराजूवर पकडले जातेच.

हा तराजूचा धडा मला दामोदर धर्मानंद कोसंबींकडून मिळाला. बौद्धविद्येचे अभ्यासक धर्मानंदांचे हे चिरंजीव गणिताचे प्राध्यापक. पुण्यात शिकवीत असताना त्यांनी तक्षशिलेच्या साठ्यातील आहत नाण्यांच्या वजनांचा अभ्यास केला. नाणे जितके अधिक काळ हातोहात फिरते तितके झिजते. ती झीज मोजली तर कोणती नाणी आधीची, कोणती नंतरची, याचा क्रम लावता येतो. ठशावर राजा असतो, पण झिजेत माणसे असतात. बाजारात कोऱ्या नाण्याला भाव आणि झिजलेल्याला मोड. माझी नाणी बहुतेक मोडीच्या भावाने आलेली आहेत. म्हणूनच मला परवडली, आणि म्हणूनच मला ती मोलाची वाटतात.

मागे एका शहरात नाण्यांचे प्रदर्शन होते. एका संग्राहकाशी सातवाहनांच्या शिशाच्या नाण्यांवर छान बोलणे चालले होते. मग त्याने आडनाव विचारले. मी सांगितले. तो काही वावगे बोलला नाही. फक्त माझ्या हातातले नाणे काढून घेतले आणि डबीत ठेवले. पाणी तेवढे शिंपडले नाही. आजीची पायरी मला त्या झगमगीत दालनात पुन्हा दिसली.

बाबासाहेबांनी 1923 साली 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ लिहिला. ज्या समाजाच्या हातचा पैसा शिवताशिवतीचा, त्या समाजातला माणूस लंडनला जाऊन साऱ्या देशाच्या चलनाची चिकित्सा करतो! रुपयाची किंमत घसरली की व्यापाऱ्याचे फावते आणि मजूर भरडला जातो, हे त्यांनी आकड्यांनिशी मांडले. नुसता राग मांडला नाही. आपल्यासमोरचा कित्ता हा आहे.

शेवटी कार्यकर्ते आणि शिक्षक मित्रांना एक सांगणे आहे. विहीर खणणारे, रस्ता फोडणारे, पाया घेणारे हात बहुतांशी आपल्या माणसांचे. मडके लागले तर ते सोनाराकडे जाते, एका रात्रीत वितळते आणि मजुराच्या हाती चार पैसे टिकवले जातात. 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे असा ठेवा जिल्हाधिकाऱ्याला कळवावा लागतो, आणि त्यात शोधणाऱ्याचाही हक्क आहे. हे वस्तीवस्तीत सांगा. नाणे कुठे सापडले ते लिहून ठेवा. जागा हरवली की निम्मा इतिहास हरवतो. आणि मुलांना ब्राह्मी शिकवा.

आजीची शिवराई आता माझ्या टेबलावर असते. वर्गात ती मी हातोहात फिरवतो. कोणी कोणाचे आडनाव विचारीत नाही. आणखी थोडी झिजेल, झिजू दे.