व्लाडेकला दिलेला शब्द

आर्ट स्पीगेलमन या अमेरिकन चित्रकाराच्या ‘माउस’ या चित्रकथेचा पहिला खंड १९८६ साली पुस्तकरूपाने निघाला. पोलंडमधील ज्यू असलेला आपला बाप नाझींच्या छळछावणीतून कसा वाचला, याची ही हकीगत. सांगणारा बाप, ऐकून चित्रांत उतरवणारा मुलगा. ज्यू म्हणजे उंदीर, जर्मन म्हणजे मांजरे आणि पोलिश म्हणजे डुकरे, असा त्यातला संसार आहे. पुस्तकाची सर्वत्र वाहवा चालली असताना त्याच वर्षी ‘द कॉमिक्स जर्नल’ या नियतकालिकात त्यावर एक कडक टीकालेख आला. लेखक कोणी सोवळा समीक्षक नव्हता. क्लीव्हलंड शहरात माजी सैनिकांच्या सरकारी इस्पितळात कारकुनी करणारा हार्वी पेकर हा तो लेखक. आणि स्वतःच्या आयुष्यावर चित्रकथा लिहिणे हाच त्याचा दहा वर्षांचा उद्योग होता. टीका अशी घरातूनच आली, म्हणून ती मला नेहमी अधिक विचार करण्याजोगी वाटत आली आहे.

चित्रकथेत आत्मचरित्र शिरले कसे, हे आधी पाहिले पाहिजे. १९५४ साली अमेरिकेतील कॉमिक्सच्या प्रकाशकांनी लोकक्षोभाला भिऊन एक आचारसंहिता स्वतःवर लादून घेतली. तिचा शिक्का नसलेला अंक विक्रेते ठेवीनात, आणि शिक्का मिळवायचा तर मजकूर मुलांना चालेल असाच हवा. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस काही तरुणांनी ही वहिवाटच सोडली आणि आपले अंक हिप्पींच्या दुकानांतून विकायला सुरुवात केली. त्यांत कामवासना आणि गांजा यांची रेलचेल होती. स्वतःविषयी खरे बोलणे मात्र तिथेही विरळाच. ते धाडस जस्टिन ग्रीन याने १९७२ साली ‘बिंकी ब्राउन मीट्स द होली व्हर्जिन मेरी’ या पुस्तकात केले. एका कॅथलिक मुलाला वाटू लागते की आपल्या अंगातून अपवित्र किरण निघतात आणि ते जाऊन मेरीमातेच्या मूर्तीला लागतात. मग ते टाळण्यासाठी त्याची दिवसभर धडपड. आपल्याकडे मंत्रचळ म्हणतात तो हा विकार, पण ग्रीनला त्याचे वैद्यकीय नाव पुष्कळ वर्षांनी कळले. श्रद्धाळू माणसाला या पानांत पाखंड दिसावे हे उघड आहे. पण ‘बिंकी ब्राउन’ नसते तर ‘माउस’ही झाले नसते, असे स्पीगेलमनने स्वतः सांगितले आहे. ‘फनी अमिनल्स’ या अंकासाठी त्याच्याकडे चित्रकथा मागणारा ग्रीनच होता, आणि १९७२ च्या त्या अंकात ‘माउस’चे पहिले, केवळ तीन पानांचे रूप छापले गेले.

त्याच वर्षी ‘विमेन्स कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात आलीन कॉमिन्स्की हिने आपली लठ्ठपणाची, हावरेपणाची आणि फसलेल्या प्रेमाची कथा छापली. चित्रे ओबडधोबड, रेघ वेडीवाकडी. तिच्या काही सहकारिणींना चित्रकथेतील स्त्री उजळ माथ्याची हवी होती. ही बाई तर आपल्याच चेहऱ्याचे वाभाडे काढीत होती. मतभेद वाढले आणि ती पुढे त्या मंडळातून बाहेर पडली. तिच्या रेघेबद्दल वाचकांत अजूनही एकमत नाही. मला स्वतःला ती रेघ तिच्या मजकुराला शोभते असे वाटते. सुबक हाताने असल्या गोष्टी सांगितल्या असत्या तर त्यांवर विश्वास बसला नसता.

पेकरला तर चित्र काढताच येत नसे. तो काड्यांची माणसे काढून संवाद लिही आणि रॉबर्ट क्रम्बसारखे मित्र त्याची चित्रे करीत. १९७६ पासून पदरचे पैसे घालून त्याने ‘अमेरिकन स्प्लेंडर’ काढले. दुकानात पैसे देण्याच्या रांगेत पुढे म्हातारी ज्यू बाई असली की किती वेळ जातो, हा त्याच्या एका कथेचा सबंध विषय! काहीच घडत नाही, अशी काही वाचकांची तक्रार. आमचेच आयुष्य पहिल्यांदा छापून आले, असे दुसऱ्यांचे म्हणणे. फडके-काणेकरांच्या लघुनिबंधांवर वाढलेल्या मराठी वाचकाला क्षुल्लक विषयाचे नवल वाटू नये. फरक एवढाच की आपला लघुनिबंधकार सदैव प्रसन्न असतो आणि पेकर बहुधा चिडलेला.

आता त्याच्या आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप प्राण्यांवर होता. सबंध पोलिश समाजाला डुकराचे तोंड देणे अन्यायाचे आहे, असे तो म्हणाला. स्पीगेलमनची बाजू अशी की हे मुखवटे मुळात हिटलरच्या भाषेतून उचललेले आहेत आणि पुस्तकभर ते जागोजाग फाटतात. हे खरे आहे. तरीही २००१ मध्ये पोलिश भाषांतर निघाले तेव्हा निदर्शकांनी त्याच्या प्रती जाळल्याच. या आक्षेपात मला फार वेळ घालवावासा वाटत नाही. दुसरा आक्षेप खोल आहे. व्लाडेकचे, म्हणजे बापाचे चित्र मुलाने एकांगी रंगवले आणि स्वतःची बाजू तेवढी सावरली, असे पेकरचे म्हणणे होते. त्याचे स्वतःचे आईबाप पोलंडमधून आलेले ज्यू होते. असली म्हातारी माणसे त्याने घरात पाहिली होती.

पुस्तकातला व्लाडेक गोळ्या मोजतो, काड्यापेटीतली काडी वाचवतो, मुलाचा कोट जुना झाला म्हणून त्याला न विचारता फेकून देतो. कंजूष ज्यूचे जे व्यंगचित्र द्वेष्ट्यांनी रंगवले, तसाच हा दिसेल अशी भीती मुलगा पुस्तकातच बोलून दाखवतो. परंतु खरी गोम पहिल्या प्रकरणात आहे. लग्नापूर्वी लूसिया नावाच्या मुलीशी आपले संबंध होते, ही गोष्ट व्लाडेक सांगतो आणि मग म्हणतो की हे काही पुस्तकात घालू नकोस, याचा हिटलरशी काय संबंध? मुलगा आधी हुज्जत घालतो, मग शब्द देतो. आणि ते सारे, दिलेल्या शब्दासकट, आपल्यासमोर छापलेले असते!

इथे वाचकांच्या दोन फळ्या पडतात. हा सरळ विश्वासघात आहे असे एक म्हणतात. दुसरे म्हणतात, लेखकाने तो लपवला नाही, हीच त्याची सचोटी. पेकरचे चुकले ते हे, की मुलगा स्वतःविरुद्धचा पुरावाही त्याच पानांत जपून ठेवतो, हे त्याने पुरेसे मोजले नाही. तरी पण कबुली दिली म्हणून शब्द पाळला असे होत नाही. व्लाडेक १९८२ च्या ऑगस्टमध्ये वारला. त्याने ते पुस्तक हातात घेतले नाही. पेकरच्या कथांतली माणसे त्याच्या भोवती वावरत होती, त्याला उलट बोलू शकत होती. बायको जॉइस ब्रॅबनरने तर त्याच्या कर्करोगावरील १९९४ चे पुस्तक त्याच्या बरोबरीने लिहिले. व्लाडेकला ती सोय नव्हती.

खरेखोटेपणाचा एक वेगळा वादही होता. १९९१ मध्ये दुसरा खंड निघाला तेव्हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने तो खपाच्या यादीत ललित पुस्तकांत घातला. स्पीगेलमनने पत्र लिहून हरकत घेतली आणि पुस्तक ललितेतर यादीत गेले. त्याच्या दाराची घंटा वाजवून पाहू, दार उघडायला उंदीर आला तर यादी बदलू, असा विनोद त्या कचेरीत झाल्याचे सांगतात. याच्या उलट प्रकार कॅनडात घडला. सेथ या चित्रकाराने कालो नावाच्या विस्मृत व्यंगचित्रकाराच्या शोधाची कथा आत्मकथन म्हणून सांगितली. १९९६ मध्ये तिचे पुस्तक झाले. वाचकांनी ती खरी मानली. पुढे कळले की कालो मुळात नव्हताच, त्याची चित्रेही सेथनेच काढलेली. काहींना ही फसवणूक वाटली, काहींना गंमत. इथे बिचाऱ्या कालोची बाजू मांडणारे कोणी असण्याचा प्रश्नच नव्हता.

‘माउस’वरचा अलीकडचा गदारोळ टेनेसी राज्यातला. जानेवारी २०२२ मध्ये मॅकमिन परगण्याच्या शाळामंडळाने दहा विरुद्ध शून्य मतांनी ते पुस्तक आठवीच्या अभ्यासातून काढले. कारणे दोन: काही शिव्या आणि एका नग्न स्त्रीचे चित्र. त्यानंतर पुस्तकाचा खप एकदम वाढला. ती स्त्री म्हणजे चित्रकाराची आई, आन्या. १९६८ मध्ये तिने न्हाणीघरात आत्महत्या केली. त्यावर मुलाने चार पानांची एक जळजळीत चित्रकथा केली, ती १९७३ मध्ये छापली आणि पुढे ‘माउस’मध्ये जशीच्या तशी घातली. तिच्या आरंभी मायलेकांचे १९५८ सालचे छायाचित्र आहे. आन्याने आपली हकीगत वह्यांत लिहून ठेवली होती. मुलाला मोठेपणी ती वाचावीशी वाटावी, अशी तिची इच्छा होती. तिच्या मृत्यूनंतर दुःखाच्या भरात व्लाडेकने त्या वह्या जाळल्या. हे कळल्यावर मुलगा बापाला खुनी म्हणतो आणि तिथेच पहिला खंड संपतो.