टाचदुखी आणि उभे काम

परळ-लालबागच्या गिरण्यांत साचेखात्यातला विणकर पाळीभर उभा असे. बहुधा दोन साचे एकाकडे असत. जास्त साचे अंगावर टाकण्याला विरोध हे १९२८ च्या मोठ्या संपाचे एक प्रमुख कारण होते. कापड गिरण्यांत प्रौढ पुरुषांचा दिवस १९११ च्या कायद्याने १२ तासांवर आणला, १९३४ च्या कायद्याने १० आणि १९४८ च्या कारखाना अधिनियमाने ९ तासांवर. या शेवटच्या अधिनियमाच्या ४४ व्या कलमात, उभ्याने काम करणाऱ्यांना मध्येच उसंत मिळाली तर टेकता यावे म्हणून बसण्याची सोय ठेवण्याचे बंधन होते. अर्थात कारखान्यांपुरतेच. दुकानातला विक्रेता आणि फळ्यासमोरचा शिक्षक त्यात बसत नव्हते!

सकाळी उठून पहिले पाऊल टाकताच टाचेत काटा रुतल्यासारखी कळ येते, चार पावले चालल्यावर ती ओसरते. अशा वेळी आपल्याकडे सर्रास म्हणतात, ‘हाड वाढलंय.’ या समजुतीला इतिहास आहे. १८९५ साली राँटगेनने क्ष-किरण शोधले. १९०० साली प्लेटनर या जर्मन डॉक्टरने टाचेच्या हाडावरच्या काट्यासारख्या वाढीला नाव दिले. क्ष-किरणांना हाड दिसते, त्याखालचा तंतुमय पट्टा जवळजवळ दिसत नाही. तेव्हा जे दिसले त्यावर आळ आला. वास्तविक असा काटा असूनही काहीच न दुखणारी माणसे पुष्कळ असतात.

खरे दुखणे असते त्या पट्ट्याचे. टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत तो धनुष्याच्या दोरीसारखा ताणलेला असतो. बसून पायाचा अंगठा वर ओढा आणि तळवा चाचपा. दोरी हाताला लागेल. अंगठा वळला की ही दोरी ताणून पायाची कमान उचलली जाते, हे हिक्स यांनी १९५४ साली दाखवले. तासन्‌तास कठीण लादीवर उभे राहिल्याने, वजन वाढल्याने किंवा पोटरी आखडल्याने टाचेशी तिचे तंतू झिजतात. रात्री पाऊल सैल पडून ती आखडते, आणि सकाळी एकदम ताणली जाते. हा दाह असावा असे बरीच वर्षे मानत. २००३ साली लेमाँट आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेतले ५० नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. दाह आढळला नाही, झीज आढळली.

त्यामुळे उपचारही साधा. अंथरुणातून उतरण्यापूर्वी पाऊल दुसऱ्या गुडघ्यावर ठेवून बोटे नडगीकडे ओढावीत, दहा अंक मोजेपर्यंत धरावीत. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. जोडीला पोटरीचा ताण आणि मऊ तळाची चप्पल, घरातसुद्धा. बहुतेकांना वर्षभरात, शस्त्रक्रियेवाचून, आराम पडतो.